आसरांचं रक्त

"रगत आलं! आसरांचं रगत आलं!"

गावातल्या आश्रुबानं अशी काही आरोळी ठोकली की विहिरीतली कबुतरं भर्रकन उडाली आणि मागच्या बाया पुढच्यांच्या पाठीवर रेलल्या. चौरंगावर लाल कापड, कापडावर काचेची बरणी, बरणीत गावच्या विहिरीचं पाणी आणि त्या पाण्यात चिमटेबाबांचा मुठीला भगवं फडकं गुंडाळलेला लोखंडी चिमटा. चिमटा बुडवला तेव्हा पाणी नितळ होतं. मग ते पिवळसर झालं, मग मातकट, मग गंजासारखं लाल, आणि वर फेस धरायला लागलं. बाबांचे डोळे मिटलेले, मांडीवर भगवी कफनी पसरलेली, आणि तोंडाची टकळी काही केल्या थांबत नव्हती.

"एक आसरा जळाची, दुसरी आसरा तळाची, तिसरी आसरा खडकाची, चवथी आसरा झऱ्याची..."

साती आसरा, पाण्यातल्या सात देवता; सात झाल्या की पुन्हा पहिली. असे फेऱ्यावर फेरे. शेवटी बाबांनी चिमटा उचलला, फडक्यानं पुसला आणि दुसऱ्या बरणीत, स्वतःच्या कमंडलूतल्या तीर्थात बुडवला. पुन्हा तोच मंत्र, तितकाच लांब. तीर्थ मात्र जसंच्या तसं राहिलं, लख्ख.

"बघा माय हो," बाबा कण्हल्यासारख्या आवाजात म्हणाले, "सात बहिणींना तारेच्या तुरुंगात कोंडलंत तुमी. घागर भरता, ते पानी न्हाई. त्यांचं रगत भरता."

बायांनी पदर तोंडाला लावले. एकीनं भरलेली घागर तिथंच ओतून दिली. आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या मागं उभ्या असलेल्या सत्यभामाकडं. तारेचं कुंपण तिनंच घातलं होतं. पिंपरझरीची सरपंच होती ना ती.

सत्यभामा काही शिकलीसवरली पुढारीण नव्हती. कालपरवापर्यंत ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. पण सरपंचकी आली आणि तिनं एकच गोष्ट डोक्यात घेतली, गावची विहीर. आष्टी तालुक्याच्या त्या उघड्याबोडक्या माळावर पाझर तलावाच्या खाली ही एकच विहीर उन्हाळ्याला तोंड देणारी. पण तिच्याभोवती लोकांनी बोअर मारले, वरच्या ओढ्यात बैलं धुतली, फवारणीचे पंप विसळले, आसरांना कापलेल्या बोकडाची आतडी तिथंच टाकली. दोन उन्हाळ्यांमागं विहीर ठणठणीत कोरडी पडली. मग टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, आणि अख्खं गाव दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडायचं. असंच एकदा रेटारेटीत सत्यभामाची धाकटी जाऊ सुरेखा आत पडली. खाली पाणी गुडघाभर, बाकी खडक. तेव्हापासून सुरेखा बाजेवर होती. कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत सत्यभामानं उभं राहून भांडून ठराव करून घेतला. विहिरीला आणि वरच्या ओढ्याला कुंपण. आत जनावर नाही, धुणं नाही, फवारणी नाही, नवा बोअर तर नाहीच. पिण्याच्या विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत बोअर घ्यायला कायद्यानंच मनाई आहे, हे तिनं तहसीलमध्ये हेलपाटे घालून शोधून काढलं होतं. काठावरच्या आसरांच्या सात शेंदरी दगडांची ओटी भरून ते कुंपणाबाहेर उंबराखाली मांडले. ओटी तिच्या सासूनं, मंजुळाबाईनंच भरली होती. पण पहिला दगड पहारीनं हलवला तो सत्यभामानं, आणि गाव ते विसरलं नव्हतं. गेला उन्हाळाभर विहिरीला पाणी टिकलं, टँकर बोलवावा लागला नाही, हे मात्र गाव सोयीस्कर विसरलं होतं.

आणि आता हा बाबा. त्याला आणला उपसरपंच बंकटनं. विहिरीला लागून बंकटचं शेत, आणि गावाच्या वेशीत त्याचा थंड पाण्याच्या जारचा कारखाना. त्या शेतात त्याला बोअर हवा होता आणि पाणी समितीनं नाही म्हटलं होतं. येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपुढं त्याचा ठराव होता: विहीर पिण्याला अयोग्य म्हणून सोडून द्यावी, कुंपण काढावं. विहीर पिण्याची राहिली नाही की पाचशे मीटरची मनाई गेली. मुहूर्तही कसा बघा! ज्यांनी हात वर करून कुंपण घातलं ते ऊसतोडीला गेलेले, सत्यभामाचा नवरा आणि दीरही त्यांच्यातच. गावात उरले म्हातारे आणि बागायतदार.

एवढं सगळं सत्यभामाला कळत होतं. तरी घरी जायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

"माजी सुरेखा उठनार हाय," मंजुळाबाई त्या दिवशीही घरात पाऊल टाकताच म्हणाली. "बाबांनी शबूद दिलाय. आसरांनी तिचे पाय धरून ठिवलेत. कुंपन निगालं की सोडत्यात."

"आत्याबाई, सुरेखा पडली तवा कुंपन कुटं व्हतं? ते तर नंतर घातलं."

मंजुळाबाईनं देव्हाऱ्याकडं हात जोडले. मग म्हणाली, "देवाला पुढचं दिसतं."

सत्यभामानं कपाळाला हात लावला. बाबानं सांगितलं होतं, आसरांनी धरलेल्या अंगाला माणसाचा हात लागू नये. झालं, म्हातारीनं सुरेखाच्या पायांचा व्यायाम बंद केला, कूस बदलणं बंद केलं, दवाखान्याच्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. सुरेखाच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. सत्यभामानं मलम लावायला हात पुढं केला तर सुरेखाच म्हणाली, "राहू दे अक्का. सभेपर्यंत कळ काढते. तुला माजं बरं व्हायला नकोय का?"

तो घाव सत्यभामाच्या काळजात बसला. ती परसात जाऊन रडली. खरंच आपल्या पहारीनं काही झालं असेल का? दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती उंबराखाली नारळ ठेवून आली. लाज वाटली, तरी ठेवला.

शाळा सुटल्यावर ती मृत्युंजय सरांकडं गेली. सर सिरसाळ्याचे, गावातल्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवायचे. तिनं लाल पाण्याची हकिकत सांगितली तसे सर हसायलाच लागले, आणि मग एकदम हसू आवरून म्हणाले, "आमच्या आईला अशीच गंडवली होती, सरपंचबाई. दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला होता. आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवल्या, पाणी लाल. त्याच्या यंत्राच्या पाण्यात बुडवल्या, पाणी साफ. मी विज्ञानाचा मास्तर पेपर तपासत बसलो होतो आणि आईनं आत यंत्र विकतही घेतलं."

त्यांनी फवारणीच्या पंपाची बॅटरी आणली, तिला दोन वायरी, वायरींना दोन लोखंडी खिळे. खिळे विहिरीच्या पाण्यात सोडले. थोड्या वेळानं बुडबुडे आले, पाणी पिवळं पडलं, मग लाल.

"हा गंज आहे," सर म्हणाले. "वीज पाण्यातून गेली की लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. आता विहिरीच्या पाण्यात जमिनीतले क्षार असतात, म्हणून त्यातून वीज जाते. जारच्या पाण्यातले क्षार यंत्रानं काढून टाकलेले असतात, त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. म्हणून ते साफ राहतं. पाणी घाण आहे का चांगलं, याच्याशी ह्या रंगाचा काही संबंध नाही. तुमच्या समितीच्या बायांनी तपासलंय ना पाणी?"

"तपासलंय की. पिन्याजोगं हाय. पर बाबाचं तीर्थ म्हंजी...?"

"बंकटरावांचा जार."

"आन मंत्र एवढा लांब कावून?"

"गंज धरायला वेळ लागतो ना!" सरांनी खिळे काढले आणि जारच्या पाण्यात सोडले. पाणी साफच राहिलं. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. बघता बघता तेही लाल झालं.

सत्यभामाच्या छातीवरचा धोंडा उतरला. "सर, उद्या सभेत हेच दाखवा."

सरांनी नजर खाली घातली. "मी नोकरदार माणूस, बाई. बंकटराव शाळा समितीत आहेत. माझं नाव नका घेऊ."

"मग पोरांना हे कशापायी शिकवता?" ती तडकून म्हणाली आणि निघाली.

ग्रामसभा बाबाच्या हट्टापायी विहिरीवरच भरली. झेंडावंदन आटोपून गाव थेट तिकडं आलं. मंजुळाबाईनं चार जणांकडून सुरेखाची बाज उचलून आणली होती. कुंपण निघालं की तिथंच उठून चालायचं, असं ठरलं होतं म्हणे. सुरेखानं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. तिला असं नटलेलं बघून सत्यभामाला भडभडून आलं. आपण आज हिचीच आशा मोडायला निघालो आहोत, हे तिला लख्ख दिसत होतं.

बाबांनी विहिरीच्या पाण्याचं रक्त केलं. आश्रुबानं आरोळी दिली. तीर्थ साफ राहिलं. बंकट हात जोडून उभा राहिला. "गावकऱ्यांनो, आता आनखी काय पुरावा पायजे? ग्रामसेवक, ठराव वाचा."

"थांबा," सत्यभामा पुढं झाली. "महाराज, ह्या तीर्थात चिमूटभर मीठ टाकते. मग चिमटा बुडवा."

"तीर्थ बाटवता, बाई?" बाबा कडाडले.

"मीठ तर देवाच्या निवेदाच्या भाजीत बी असतंय. त्यानं काय बाटतंय?" तिनं कागदाची पुडी सोडली.

बंकटनं तिचा हात धरला. "पुडीत काय इख आणलंस कुनाला ठावं! गड्यांनो, बघा हिचं."

गलका झाला. तेवढ्यात मंजुळाबाई उठली. सुरेखाची दृष्ट काढायला तिनं पदराच्या गाठीत मीठ-मोहऱ्या बांधून आणल्या होत्या. तिनं गाठ सोडली. "हे घ्या माज्या घरचं मीठ. ह्यात तर इख न्हाई ना? महाराज, टाकू का? हिचं तोंड एकदाचं बंद हुईल. तुमचं तीर्थ काय मिठानं लाल हुतंय व्हय?"

म्हातारी अगदी भोळ्या विश्वासानं बोलत होती. गावही तिच्या बाजूनं ओरडलं, "टाका! टाका!" भक्तांनीच असं कोंडीत धरल्यावर बाबा करणार काय? मंजुळाबाईनं मीठ तीर्थात सोडलं. बाबांनी चिमटा बुडवला, "एक आसरा जळाची, दुसरी आसरा तळाची" एवढं घाईघाईनं पुटपुटले आणि चिमटा वर काढायला लागले.

"आवो महाराज, मंतर पुरा झाला न्हाई!" मंजुळाबाईनं त्यांचं मनगट धरलं. घरातलं कुणी पूजेत चुकलं की सुधारावं तसं तिनं त्यांचा हात पुन्हा खाली दाबला. "इसरलात का? मी म्हनते. तिसरी आसरा खडकाची, चवथी आसरा झऱ्याची, पाचवी आसरा काठाची..."

रोज ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. डोळे मिटून, खड्या आवाजात, फेऱ्यावर फेरे ती म्हणत राहिली. बाबांच्या कपाळावर घाम आला. बायांनीही तिच्यात सूर मिसळला. आणि सत्यभामा श्वास धरून बरणीकडं बघत होती. बुडबुडे आले. तीर्थ पिवळं पडलं. मग मातकट. मग लाल, विहिरीच्या पाण्याहून गडद.

आवाज एकेक करून थांबले. मंजुळाबाईनं डोळे उघडले. बरणीकडं बघितलं, मग बाबांकडं.

"तीर्थात बी रगत? ह्यात कोनची बहीन कोंडलीय, महाराज?"

बाबा उठू लागले. "पापी नजर लागली, मीठ अशुद्ध..." आणि तेवढ्यात पोरांच्या रांगेमागून मृत्युंजय सर झपाझप चालत आले, बंकटच्या गड्यांना बाजूला सारलं आणि चौरंगावरचं लाल कापड ओढलं. बरण्या गडगडल्या. चौरंगाखाली फवारणीच्या पंपाच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. त्यातून निघालेल्या वायरी कफनीखालून बाबाच्या बाहीत आणि बाहीतून चिमट्यावर गुंडाळलेल्या भगव्या फडक्यात. सरांनी ते फडकं सोडलं. चिमट्याची दोन पाती एकमेकांना जोडलेली दिसत होती, ती जोडलेली नव्हतीच. मधे रबराचा तुकडा होता, म्हणजे दोन पाती हेच दोन खिळे.

मग सरांनी सगळं सांगितलं, शाळेत सांगितलं होतं तसंच, गंज, क्षार, जारचं पाणी. शेवटी म्हणाले, "कुणाच्याही घरी हे करून बघा. पंपाची बॅटरी, दोन खिळे. आसरांची गरज नाही."

बाबानं चिमटा तिथंच टाकून पाय काढता घेतला. बंकटच्याच गड्याच्या मोटारसायकलवर बसून तो कडा गावच्या रस्त्याला लागला तेव्हा पोरांनी मागून "एक आसरा जळाची" सुरू केलं. लोक हसले. झालं, संपलं, असं सत्यभामाला वाटलं.

कुठलं संपतंय? बंकट शांतपणे म्हणाला, "बाबा लबाड निगाला, गेला. पर ठराव आपल्या जागी हाय. कुंपनापायी कुनाकुनाची अडचन हुती ते बोला की. ग्रामसेवक, मतं घ्या. ठरावाच्या बाजूनं कोन?"

आणि हात वर गेले! आश्रुबाचा पहिला; त्याला कांद्याला पाणी हवं होतं. बैलं धुवायला लांब जावं लागणाऱ्यांचे गेले. धुण्याची जागा हलली म्हणून चिडलेल्या बायांचे गेले. घटकेपूर्वी पोट धरून हसलेली हीच माणसं. सत्यभामा बघतच राहिली. तिला आत्ता कुठं उमगलं, आणि उमगलं तशी ती त्या वर गेलेल्या हातांसमोर जाऊन उभी राहिली.

"म्हंजी बाबानं तुमाला फसवलंच न्हाई," ती म्हणाली. "तुमाला फसायचंच हुतं! बैल धुवायचा हाय, कांदा भिजवायचा हाय, हे तोंडानं बोलायची लाज वाटती, म्हनून आसरांचं नाव! अरे, उन्हाळ्यात हीच इहीर आटली की कोनाच्या दारात घागर घेऊन जानार? बंकटच्या जारच्या दारात? भ्या दाखवनाऱ्याला एवढं तरी इचारा की बाबा, आमी भ्यालो तर फायदा कोनाचा?"

वर गेलेले दोन-चार हात घुटमळले, खाली आले. बाकीचे तसेच. ग्रामसेवक मोजायला लागला.

"अक्का," बाजेवरून बारीक आवाज आला. "म्हंजी मी उठनार न्हाई का?"

सत्यभामा तिच्याजवळ जाऊन बसली. खोटं बोलणं किती सोपं होतं! "मला म्हाईत न्हाई गं," ती म्हणाली. "दवाखान्यात डाक्टरला इचारू. पर हितं तुला कुनी उठवनार न्हाई. कुंपन काढलं तरी न्हाई."

सुरेखा रडली, सगळ्या गावासमोर, तोंड न झाकता. मंजुळाबाई तिच्या पायांशी खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या पायांवर हात ठेवले. "म्या तुजं वाटुळं केलं गं माय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"ठरावाच्या विरोधात कोन?" ग्रामसेवकानं चाचरत विचारलं.

सत्यभामानं हात वर केला. सरांना गावात मत नव्हतं, ते नुसते उभे राहिले. आणि बाजेवरून एक हात वर आला, बांगड्यांनी भरलेला.

"निजलेल्या मानसाचं मत धरत्यात व्हय?" बंकट म्हणाला.

"मी ह्या इहिरीत पडलेय, दाजी," सुरेखा म्हणाली. "कोरडी हुती म्हनून पडले. पान्यात पडले असते तर आज हुभी असते. पाय उठत न्हाईत माजे, हात उठतोय. धरा माजं मत."

आधी मंजुळाबाईचा हात वर गेला. मग घागर ओतून देणाऱ्या बाईचा. मग वर गेलेले हात खाली आणि खाली असलेले वर, असं होत होत ग्रामसेवकाला पहिल्यापासून मोजावं लागलं. आश्रुबाचा हात मात्र शेवटपर्यंत कांद्याच्याच बाजूनं होता. ठराव पडला, पण थोडक्यात पडला, आणि पुढच्या सभेला बंकट पुन्हा तो आणणार आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा वाचणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, एवढं करा. पाणी लाल झालं तर मीठ टाकून बघा, बॅटरी शोधा, आणि कापड ओढायला कुणी मास्तर येईल याची वाट बघू नका. आपल्या विहिरीची राखण ना आसरा करणार ना बाबा करणार. ती आपणच करायची आहे, हात वर करून, दर सभेला.